नवा कॉन्चेर्टो, रात्रीचे बारा आणि एक पातेलं

गोदाकाठचा: काल इथे एकाने लिहिलं, "बीबीसी रेडिओवर लंडनच्या प्रॉम्समधून नव्या सेलो कॉन्चेर्टोचा पहिला प्रयोग लावला, दहा मिनिटांत बंद केला. भांडी पडल्यासारखं संगीत. यापेक्षा आपला नाशिक ढोल बरा." डोकं सणकलं, म्हणून सविस्तर.

मीही ऐकला. (प्रॉम्स म्हणजे लंडनचा उन्हाळी संगीत महोत्सव. कॉन्चेर्टो म्हणजे एक वाद्य पुढे आणि अख्खा ऑर्केस्ट्रा सोबतीला; इथे पुढे सेलो, व्हायोलिनचं खर्जातलं थोरलं भावंड.) तिकडचे साडेसात म्हणजे आपले रात्रीचे बारा. घर झोपलेलं, मोबाइल स्टीलच्या पातेल्यात उभा (आवाज भरतो, करून बघा). आधी ओबोने (सनईच्या जातीचं वाद्य) सूर दिला, बाकीचे त्याला लागले. मग अल्बर्ट हॉलमधली हजारो माणसं गप्प झाली. एक ठसका. आणि सेलो एकटाच, इतका हळू की वाटलं रेंज गेली.

पहिला भाग किचकट, मान्य. पण दुसऱ्यात सेलो एका स्वरावरून दुसऱ्यावर असा ओघळत गेला की मींडच! तोवर तुम्ही घोरत होतात. ख्याल स्थायीवर, म्हणजे बंदिशीच्या पहिल्याच भागावर, सोडून उठायचं आणि वर गवयाला नावं ठेवायची. १९१२ मध्ये याच प्रॉम्समध्ये संचालक हेन्री वुडने शोनबर्ग या नव्या वळणाच्या संगीतकाराच्या पाच रचना वाजवल्या तेव्हाही लोकांनी हुर्यो केली होती. आज त्या अभ्यासाला असतात.

काळा रस्सा: "एकाने" म्हणजे मी. नाव घ्यायला जीभ झडते का? मारवा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी नऊ वर्षांचा. दिवेलागणीला, खालच्या काकांच्या रेडिओवर. राग म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं, पण पोटात गलबललं. दुसऱ्या भागाची वाट बघावी लागली नाही. आणि अभ्यासाला असतं म्हणून चांगलं, तर उद्यापासून बीजगणित ऐकूया.

निवृत्त तबलजी: नवव्या वर्षी तुम्हाला मारवा नाही, दिवेलागण कळली. असो. २०१५ मध्ये झाकीरभाईंनी मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाबरोबर 'पेशकार' केला, तबल्याचा कॉन्चेर्टो. पंचवटी एक्सप्रेसने गेलो होतो. एका जागी तोंडातून "क्या बात!" निघालं, तर पुढचा गृहस्थ असा वळला, जणू मी त्याच्या कॉलरवर पान थुंकलो. दाद गिळून संगीत ऐकायचं म्हणजे जेवताना तोंड शिवणं. माझा राग त्यावर आहे, रचनेवर नाही.

पेटीवाला: रेडिओचं निघालंच आहे तर ऐका. आपली पेटी, हार्मोनियम हो, रेडिओवरून हाकलायला सुरुवात केली ती याच ऑर्केस्ट्रावाल्यांनी. जॉन फोल्ड्स, दिल्ली रेडिओवर पाश्चात्य संगीताचे प्रमुख, १९३८ मध्ये पेटीविरुद्ध लिहून मोकळे. १९४० ला बंदी, ती १९७१ पर्यंत. एकतीस वर्षं! का, तर पेटीत मींड नाही, श्रुती (स्वरांमधले बारीक सूर) नाहीत. पियानोत आहेत?

गोदाकाठचा: फोल्ड्स १९३९ मध्येच कलकत्त्यात कॉलऱ्याने गेले. पेटी टागोरांनाही नको होती. आणि स्वातंत्र्यानंतर चोवीस वर्षं बंदी कुणी चालवली? तेही गोरेच?

पेटीवाला: सनावळ्या तुमच्याकडेच ठेवा. आमचे आजोबा पंचवटीत भजनाला पेटी धरायचे. भाता फाटला की सायकलच्या ट्यूबचा तुकडा डकवायचे. रेडिओवर गाणं लागलं की कान देऊन मागची साथ शोधायचे, आणि सारंगी निघाली की रेडिओकडे पाठ करून सुपारी कातरत बसायचे. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी जिथे आश्रम काढला त्या आपल्या नाशकात पेटीला दुय्यम म्हणणारा मला भेटायचाय.

काळा रस्सा: कॉन्चेर्टो राहिला बाजूला, पेटीचं श्राद्ध सुरू.

निवृत्त तबलजी: पेटीत मींड येत नाही हे खरंच आहे हो. चाळीस वर्षं शेजारी बसून ऐकतोय.

पेटीवाला: तबल्यावर येते का?

निवृत्त तबलजी: डग्ग्यावर, डाव्या हाताच्या तबल्यावर, येते. मनगट दाबून पुढे सरकवा. घिस्सा म्हणतात त्याला.

काळा रस्सा: @गोदाकाठचा, पुन्हा लावणार असतील तर कळवा. ऐकेन. फक्त दुसरा भाग. पहिल्यात भांडी पडतात हे मत कायम. आणि तुम्ही ऐकलंत तेही भांड्यातच.

गोदाकाठचा: कळवतो. पातेलं मोठं घ्या, त्यात अहंकारही मावला पाहिजे.

पेटीवाला: घिस्सा म्हणजे मींड नव्हे.