समोरच्या दातांवरील तपकिरी डाग: कंपोझिट की कॅप?

प्रश्न (किनवट तालुका): आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. माझ्या १९ वर्षांच्या मुलीच्या वरच्या समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे असल्याने ती हसताना ओठांवर हात धरते. कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाने, ते झाकता येतील, की कॅप बसवावी?

उत्तर (दंतवैद्य, लातूर): ताई, या वयात कॅपसाठी निरोगी दात चहूबाजूंनी घासणे मला पटत नाही. डाग वरवरचा असेल तर मायक्रोअब्रेजनने, म्हणजे आम्लयुक्त खरखरीत पेस्टने इनॅमलचा (दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाचा) अगदी पातळ थर काढून, तो बराच फिका होतो, उरलेल्यासाठी कंपोझिट. कोरडा पडलेला दात मूळ रंगापेक्षा पांढरा दिसतो, म्हणून शेड, म्हणजे भरणाची रंगछटा, सुरुवातीलाच, दात ओला असताना ठरवावी लागते. मग फॉस्फोरिक आम्ल आणि बाँडिंग (चिकटवणारा द्रव) लावून, डाग दबवणारा अपारदर्शक थर आधी व पारदर्शक थर वरून, प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करत चढवतात. तीव्र फ्लोरोसिसमध्ये, म्हणजे फ्लोराइडमुळे दात जास्त बिघडले असतील तर, कंपोझिटची पकड कमी बसू शकते, तेव्हा घाईने काम उरकणारा दवाखाना टाळावा.

उत्तर (अंबाजोगाई): मी कंपोझिट करून घेतले आहे. चहामुळे कडेला पिवळसर रेघ आली होती, ती पॉलिशने गेली. दाताने ऊस सोलणे मात्र कायमचे बंद!

उत्तर (परभणी): घरात आठ वर्षांखालील मूल असल्यास पाणी तपासून घ्यावे, लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नको. पाणी उकळल्याने ते जात नाही. खर्चासाठी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करावी.