किशोरीताईंचं उतारवयातलं गाणं : ऐकावं की झाकून ठेवावं?

सांगेकर

परवा फोंड्याला एका घरगुती बैठकीनंतर वाद झाला, तोच इथे मांडतो. पंधरा-वीस माणसं होती, सगळी गाण्यातली. कुणीतरी किशोरी आमोणकरांचं सत्तरी उलटल्यानंतरचं एक ध्वनिमुद्रण लावलं. दहा मिनिटांत दोघे उठून अंगणात गेले. एक जण म्हणाले, "ताईंचं हे ऐकवत नाही, जुना भूप राग लावा." लावला. 'प्रथम सुर साधे', मग 'सहेला रे'. अंगणातले परत आत आले.

मला ते लागलं. रात्री घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

या बाईंचा पंचविशीच्या आसपास आवाज गेला होता, हे आपण विसरतो. गवयाचा आवाज जाणं म्हणजे सुताराचा हात जाणं. आयुर्वेदिक उपचारांनी तो परत आला, पण मधला काळ त्या मनातल्या मनात गात राहिल्या. मग १९६४ साली 'गीत गाया पत्थरों ने'साठी गायल्या, तर आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकरांना ते रुचलं नाही. पुढे जयपूर-अत्रौली गायकीला स्वतःचं वळण दिलं, तेव्हा "घराणं सोडलं" म्हणून जाणकारांनी झोडलं. पद्मभूषण १९८७चं, पद्मविभूषण २००२चं. मान मिळत गेला तरी आक्षेप काही थांबले नाहीत. ३ एप्रिल २०१७ला गेल्या, तोवर गातच होत्या.

एवढ्या प्रवासातला एक भूप उचलायचा आणि बाकी झाकून ठेवायचं, याला मी प्रेम म्हणत नाही. आमच्या देवळात भजनाला एक बुवा बसतात, ऐंशीच्या पुढचे. वरचा सा आता लागत नाही. तिथे पोचले की डोळे मिटतात आणि टाळकरी तो सूर उचलून धरतात. सप्ताहात त्यांच्या पाळीला कुणी उठून गेलेलं मी पाहिलेलं नाही. हीच माणसं किशोरीताईंच्या वेळी अंगणात का जातात?

लयदार

सांगेकर, तळमळ पोचली, पण बुवांचा दाखला चुकीचा आहे. देवळात आपण देवासाठी बसतो. तिथे सूर हलला तरी सेवा पोचते. मैफलीत गायक श्रोत्यांसमोर कलाकृती ठेवतो, आणि ती बरी की वाईट हे म्हणण्याचा हक्क श्रोत्याला असतोच. तो काढून घेतलात की रसिकता संपते, भक्ती उरते.

मी म्हापशाचा, तीस वर्षं तबल्यावर आहे. माझा आक्षेप ताईंच्या वयाला नाहीच. तुम्ही सगळे वयाची ढाल पुढे करता आणि त्यामागे खरा प्रश्न लपतो. जयपूर-अत्रौली घराणं घडवणाऱ्या अल्लादियाखाँची गायकी लयीच्या अंगाने चालते. आकार मोकळा, आलाप तबल्याच्या ठेक्याला धरून, तान आवर्तनाच्या घडीतच वळून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येते. मोगूबाईंच्या तबकड्या ऐका, प्रत्येक मात्रेचा हिशेब लागतो. ताईंनी विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल, इतका संथ केला की ठेका नुसता आधाराला राहिला. हे उतारवयात झालेलं नाही. आवाज भरात असताना, जाणीवपूर्वक त्यांनी तो मार्ग घेतला. मला तो पटत नाही. यात अनादर कुठे आला?

केरीची लेक

मला वेगळंच म्हणायचंय. आमच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांनी १९६३-६४च्या सुमारासच जाहीर गाणं बंद केलं. आवाज उतरतोय असं स्वतःला जाणवलं आणि थांबल्या. कुणी बोट दाखवायची वाट पाहिली नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याची तबकडी अंतराळात गेली, तिच्यात त्यांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. दोन यानांतलं नंतरचं ५ सप्टेंबरला उडालं, बाई १६ सप्टेंबरला गेल्या. आज जगाला त्यांचा जो आवाज माहीत आहे, तो खणखणीतच आहे. थरथरता आवाज त्यांनी मागे ठेवलाच नाही.

कधी थांबायचं हे कळणं हासुद्धा कलेचाच भाग आहे, असं मला मनापासून वाटतं. किशोरीताई थांबल्या असत्या तर हा वाद झालाच नसता.

सांगेकर

केरीची लेक, केसरबाईंपुढे मी हात जोडूनच उभा आहे. पण त्या थांबल्या आणि ध्वनिमुद्रणालाही फारशा राजी नव्हत्या, त्यामुळे आपल्या पदरात काय पडलं? बहुतेक साडेतीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या. अल्लादियाखाँकडे पंचवीस वर्षं घासलेली गायकी आणि आपल्याला मिळतो तिचा वासच. त्यांचा तासभराचा एखादा राग, भले उतारवयातला, दमलेला, मिळाला असता तर तुम्ही नको म्हणाला असता? मी तरी नसतो म्हणालो.

लयदार, बुवांचा दाखला मागे घेतो. श्रोत्याच्या हक्काचा मुद्दा बरोबर आहे. ठेका सैल करणं ही निवड होती, हेही मान्य. पण ती निवड आली कुठून? माझं मत असं की आवाज गेला त्या काळात त्याचं मूळ आहे. गळा बंद असताना मनात राग गायचा म्हणजे तानेचा दिमाख आपोआप गळतो. उरतात दोन सूर आणि त्यांच्यामधली जागा. पुढचं सगळं आयुष्य त्या जागेवरच त्या गायल्या. म्हणून उतारवयातलं गाणं मला त्याच वाटेचं शेवटचं टोक वाटतं.

लयदार

कथा सुंदर आहे. पण गाण्याचा पुरावा गाण्यातच हवा, चरित्रात नको. आवाज गेला नसता तर त्या जलद गायल्या असत्या, हे तुम्ही कशावरून सांगता? आणि लक्षात घ्या, त्यांची तान काही गळून गेली नव्हती. पन्नाशीतली ध्वनिमुद्रणं काढा, काय झपाट्याची तान आहे! उलट तुमच्या कथेमुळे ती बिचारी झाकली जाते.

मडगांवकर

थोडं बाजूचं बोलतो. कोकणी गाण्यात आमची लोर्ना आहे. ख्रिस पेरीच्या बॅण्डबरोबर साऱ्या गोव्याला वेड लावलं आणि मग वीसेक वर्षं गप्प. १९९५च्या सुमारास परत आली तेव्हा आवाज तोच नव्हता, कसा असेल? माझे वडील पहिल्या ओळीलाच रडले. त्यांना स्वतःचं सगळं तरुणपण त्या आवाजात परत दिसलं असणार. गाणाऱ्याबरोबर आपणही म्हातारे होतो, हे हिशेबात धरणार की नाही?

केरीची लेक

मडगांवकर, वडिलांचं रडणं खरंच आहे, पण ते त्यांच्या आठवणीचं. लयदार विचारतायत ते गाण्याचं.

बरं, सांगेकर, साडेतीन मिनिटांचा मुद्दा मला झोंबला. खरं आहे. तासभराचा राग मिळाला असता तर मी देव्हाऱ्यापाशी ठेवला असता. तरीही थांबण्याचा त्यांचा निर्णय मला मोठा वाटतो. दोन्ही गोष्टी मनात आहेत, त्यांची सांगड मला घालता येत नाही.

कुर्डीची नात

इथे एक गोष्ट कुणीच बोललं नाही. मोगूबाई आमच्या कुर्डीच्या. साळावली धरणात गाव बुडालं, मे महिन्यात पाणी ओसरलं की जोती वर येतात आणि आम्ही सोमेश्वरापाशी जमतो. त्या मातीतून निघून ती बाई नाटक मंडळ्यांतून फिरली, मुंबईत गेली, गाणं मिळवण्यासाठी काय काय सोसलं. किशोरीताईंनी मुलाखतींत सांगितलंय की आईबरोबर दौऱ्यावर जायचो तेव्हा तिसऱ्या वर्गाचा प्रवास, उतरायची सोयही यथातथाच. गाणं डोक्यावर घ्यायचे आणि गाणारीला मात्र मान नसायचा. म्हणून ताई पुढे आयोजकांशी कडक वागल्या, तंबोरे मनासारखे जुळेपर्यंत सुरुवात नाही, श्रोत्यांत कुजबुज चालायची नाही. लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणायचे. मला त्यात मुलगी दिसते, आईचा हिशेब चुकता करणारी.

लयदार, तुम्ही टीका करा, जरूर करा. पण उठून अंगणात जाऊ नका. बसून ऐका आणि मग बोला. आमच्या बायकांच्या गाण्यातून लोक मधेच उठून जायचे, तो इतिहास फार जुना नाही.

लयदार

हे मी ऐकून घेतलं. उठून जाणाऱ्यांत मी नव्हतो आणि नसेन.

पेडण्याची नवशिकी

मी १९ वर्षांची आहे, चार वर्षं गाणं शिकते. किशोरीताईंना प्रत्यक्ष कधी ऐकलंच नाही, त्या गेल्या तेव्हा मी शाळेत होते. मोबाइलवर मला आधी मिळालं ते त्यांचं अखेरच्या वर्षांतलं गाणं. पांढरे केस, मिटलेले डोळे, मांडीवर स्वरमंडल. मी त्याच आवाजाच्या प्रेमात पडले. 'सहेला रे' नंतर वर्षभराने ऐकलं आणि वाटलं, अरे, या लहानपणी अशा गायच्या!

तुम्ही सगळे उंचीवरून खाली आलात. मी उलटी चढले, त्यामुळे मला उतार कुठे दिसलाच नाही. मी चुकीचं ऐकते आहे का? खरंच विचारते आहे.

लयदार

बाय, चुकीचं काही नाही. एकच कर. त्याच काळातला कुठलाही विलंबित ख्याल लाव, हाताने ठेका धर आणि सम कुठे येते ते डोळे मिटून ओळख. मग इथे लिही.

पेडण्याची नवशिकी

काल रात्री यमन लावला. चार वेळा सम चुकले. पाचव्यांदा ठेका धरायचंच विसरले, ताई गंधारावर, म्हणजे 'ग' सुरावर, थांबल्या होत्या आणि स्वयंपाकघरातून आई हात पुसत येऊन दारात उभी राहिली. तिला गाण्यातलं काही कळत नाही.

लयदार

चार वेळा चुकलीस, माझं म्हणणं तेच आहे. गंधाराबद्दल माझं काही भांडण नाही. आता मोगूबाई लाव आणि पुन्हा ठेका धर.