हाल्ब द्राय म्हणजे साडेतीन नाही

विषय: रविवारी दाराबाहेर (जरा लांबलंय)

सर्वांना नमस्कार,

फराळाच्या यादीत माझ्यापुढे चिवडा लिहिलाय, म्हणून काल जर्मनीतल्या आखेनच्या माझ्या खोलीत सराव करून बघितला. पुढे काय झालं ते इथेच सांगतो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

फोडणी जरा जास्तच तडतडली. छताला धुराचा भोंगा आहे, तो वाजायच्या आत शेगडी बंद केली आणि दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. तशाही त्या रोज उघडायच्याच असतात. भिंतींना बुरशी येते म्हणून घरमालकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेवढ्यात कागदाचा कचरा निळ्या डब्यात टाकून येऊ म्हणून निघालो. दोन पायऱ्या उतरलो आणि मागे धाडकन आवाज. वारा!

आमच्या दाराला बाहेरून नुसता गोळा आहे, तो फिरत नाही. किल्ली, फोन, पाकीट आत. मी बाहेर, टी-शर्ट आणि सपातांत, हातात चार पुठ्ठे.

खालच्या मजल्यावरच्या आजींची बेल वाजवली. रविवारची दुपार, म्हणजे इथे खिळासुद्धा ठोकायचा नाही अशी वेळ, त्यामुळे बेल वाजवतानाही हात कचरत होता. पण त्यांनी आत घेतलं, कॉफी दिली. जिन्यात एका कुलूपवाल्याचं स्टिकर चिकटवलेलं होतं, त्याला आजींच्याच फोनवरून विचारलं, किती घेणार? तो म्हणे, आधी येऊन बघतो. आजींनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि ठेवून दिला. मग भाच्याला फोन लावला आणि मला म्हणाल्या, "हाल्ब द्राय"ला येतोय.

पुण्यात माझं जर्मनचं ए-टू, म्हणजे दुसरी पायरी, झालंय हो. हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. झाले साडेतीन! एवढा वेळ त्यांच्याकडे बसायचं जिवावर आलं. त्यांनी कपाटातून आजोबांचा कोट आणि बूट काढून दिले (बूट दोन नंबर मोठे) आणि मी गावात निघालो. दुकानं अर्थातच बंद. शेवटी एलिझेनब्रुनेनपाशी, त्या गंधकाच्या गरम पाण्याच्या धारेखाली हात शेकत उभा राहिलो. वास सडक्या अंड्यांचा, पण वज्रेश्वरीची आठवण आली.

सव्वातीनला परतलो, तेही वेळेआधी पोचल्याच्या ऐटीत. भाचा अडीचला येऊन, वीस मिनिटं वाट बघून निघून गेला होता. भाडेकरू समोर नसताना दार उघडणार नाही, म्हणाला. आजी काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

सहाला तो पुन्हा आला. फटीत प्लास्टिकचा पातळ पत्रा सारला, दोन मिनिटांत दार उघडलं. खिडक्या तोवर उघड्याच, त्यामुळे खोलीत जिन्यापेक्षा जास्त थंडी. पैसे घ्यायला तयार नाही. चिवडा मात्र बशीभर खाल्ला, करपलेल्या शेंगदाण्यांसकट.

आता मला कोणीतरी सांगा, हाल्ब द्राय अडीच कसं?

– आखेनचा नवा विद्यार्थी

उत्तर: रविवारी दाराबाहेर

अरे बाळा,

हा घोटाळा जर्मनचा नाही, इंग्रजीचा आहे. तुम्ही मुलं जर्मन ऐकता, मनात त्याचं इंग्रजी करता, मग मराठी. मधला मुक्काम गाळा! हाल्ब द्राय म्हणजे तिसरा तास अर्धा झाला. आपलं अडीच तरी दुसरं काय? मुळात संस्कृत 'अर्धतृतीय', म्हणजे तिसरा अर्धा, झिजत झिजत अडीच झालं. दीडला हे लोक 'आनडर्टहाल्ब' म्हणतात, म्हणजे दुसरा अर्धा. आपल्या दीडच्या पोटातही दोन आणि अर्धाच लपलेत. आकड्यांचं तसंच. आइन-उंड-त्स्वान्त्सिश, एक आणि वीस, एकवीस. यात अवघड काय ते मला आजतागायत कळलेलं नाही.

अर्थात मीही शहाणा नव्हतो. 1983 साली श्टुटगार्टला आलो, तिकडे सव्वादोनला 'फिअर्टल द्राय' म्हणतात आणि पावणेतीनला 'द्रायफिअर्टल द्राय'. पहिल्याच आठवड्यात मी फिअर्टल द्रायच्या मीटिंगला सव्वातीनला गेलो. खोलीत रिकामे कप होते फक्त. तुमच्या आखेनकडे असं बोलत नाहीत, सुटलास.

– श्टुटगार्टचे काका

उत्तर: उत्तर: रविवारी दाराबाहेर

काका, अडीचचं मलाही माहीत नव्हतं, पण किल्लीचंही बोलू या.

दार नुसतं ओढलं गेलं होतं म्हणून निभावलं. किल्ली फिरवून बंद केलेलं असतं तर त्या पत्र्याने उघडलं नसतं. पुन्हा असं झालं आणि भाचा नसला, तर कुलूपवाल्याला फोनवर हेच आधी सांग: दार नुसतं ओढलं गेलंय, किल्ली फिरवलेली नाही. मग येण्याजाण्याचा आणि रविवारचा जादा आकार धरून एकूण किती, ते विचार. आकडा सांगत नसेल तर दुसरा बघ. आजींनी केलं ते शंभर टक्के बरोबर. इंटरनेटवर जाहिरातीत सगळ्यात वर दिसणारा नंबर तर घेऊच नकोस, स्थानिक वाटतो आणि माणूस येतो भलत्याच गावाहून. दारात उभा राहून अव्वाच्या सव्वा मागून दमदाटी करायला लागला, तर सरळ 110 ला पोलिसांना फोन.

आणि हाफ्टफ्लिश्ट विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, घेतलास का? त्यात किल्ली हरवण्याचं कलम आहे का बघ. अख्ख्या इमारतीची एकच कुलूपव्यवस्था असली, तर हरवलेल्या एका किल्लीपायी सगळ्यांची कुलपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो, आणि तो हजारांत जातो. माझ्या मैत्रिणीने तो हप्त्यांनी फेडलाय.

जास्तीची किल्ली आजींकडे ठेव. रिकाम्या हाताने जाऊ नकोस.

– कोल्हापूरची ताई, मुक्काम आखेन

उत्तर: उत्तर: उत्तर: रविवारी दाराबाहेर

दिवाळीच्या तयारीची बैठक येत्या रविवारी, दुपारी अडीच वाजता. जर्मन जावई-सुना येणार असतील तर त्यांना हाल्ब द्राय कळवावे. चिवडा नक्की कोण करतंय?

– चिटणीस

उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: रविवारी दाराबाहेर

चिवडा मीच करतो, शेंगदाणे या वेळी मंद आचेवर. ताई, विम्याचे कागद काढून बघितले, कलम नाहीये, उद्या फोन करतो.

आज सकाळी आजींकडे किल्ली घेऊन गेलो, सोबत डबाभर शंकरपाळे (आईने पाठवलेले, मी केलेले नाहीत). कोट आणि बूटही परत केले. किल्ली त्यांनी त्या कोटाच्या खिशात टाकली आणि कोट कपाटात न ठेवता दाराजवळच्या खुंटीला अडकवला.

– आखेनचा तोच