ज्वारीचा महत्त्वाचा गुण कोणता, हे ठरवायचं कुणी?

भीमाकाठ

मागच्या महिन्यात एका कृषी प्रदर्शनात व्याख्यान ऐकलं. वक्ते म्हणाले, तृणधान्यांच्या सगळ्या महत्त्वाच्या गुणांमागची जनुकं एकदा सापडली की नवा वाण तयार करणं म्हणजे हवे ते गुण निवडून जुळवणं एवढंच काम उरेल. मी विचारलं, ज्वारीत महत्त्वाचे गुण कोणते धरता? त्यांनी उत्पादन, उंची, किती दिवसांत तयार होते, पाण्याचा ताण, खोडमाशी, खडखड्या (ताट आतून पोकळ करून लोळवणारा रोग) असे सांगितले. भाकरी आणि कडबा दोन्ही नाहीत.

माझी शेती मंगळवेढ्याकडे, भारी काळी जमीन. पेरणीनंतर पाऊस नसतोच म्हटलं तरी चालेल, जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक येतं. आम्ही रब्बीत मालदांडी पेरतो. मालदांडी ३५-१ हा वाण नव्वदेक वर्षांपूर्वी मोहोळला, शेतकऱ्यांकडच्या मालदांडीतून निवडलेला. त्यानंतर किती वाण आले, पण बाजारात आजही शुभ्र, टपोऱ्या, चमकदार दाण्याला लोक मालदांडी म्हणूनच भाव देतात.

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. पीक भरघोस, ताटं बुटकी. पण खरिपातलं हे पीक लवकर तयार व्हायचं आणि परतीच्या पावसात कणसं सापडली की दाणा काळा पडायचा. वडील सांगतात, त्या ज्वारीची भाकरी खाताना आजोबा काही बोलायचे नाहीत, फक्त एक कमी खायचे.

जनुकाचा शोध मला नको आहे असं नाही. पण तो चालतो कसा ते बघा. दोन वेगळ्या गुणांच्या वाणांचा संकर करतात, त्यातून शे-दोनशे वंशावळी वाढवतात, प्रत्येकीचा गुण मोजतात आणि तो डीएनएच्या कुठल्या तुकड्याबरोबर जातो ते बघतात. म्हणजे सुरुवात मोजमापापासून. मोजणीच्या तक्त्यात ज्या गुणाचा रकानाच नाही, त्याचं जनुक सापडणार कुठून? माझं म्हणणं एवढंच आहे की ही यादी करताना खाणारे आणि जनावरं पाळणारे यांना कुणी विचारत नाही.

पेशीसूत्र

भीमाकाठ, मी भाताच्या पैदास प्रयोगशाळेत काही वर्षं काम केलंय, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. तुमचा राग जुन्या संकरांवर आहे आणि तो रास्त आहे. पण जनुक नेमकं माहीत असण्याचा फायदा तिथेच होतो.

ओडिशात धालपुट्टिया नावाचा देशी भात आहे. त्यातून निवडलेला एफआर१३ए पुरात दोन आठवडे बुडाला तरी जगतो. पैदासकारांना हे खूप आधीपासून ठाऊक होतं. पण साधा संकर केला की पूर सोसण्याच्या गुणाबरोबर कमी उत्पादन आणि खायला न आवडणारा दाणाही यायचा. १९९६ मध्ये नवव्या गुणसूत्रावरची जागा कळली आणि २००६ मध्ये सब१ए हे जनुक नक्की झालं. इतर भातं पाण्याखाली गेली की वर येण्यासाठी भराभर उंच वाढतात आणि त्यातच साठवलेली साखर संपवून मरतात. हे जनुक असलेलं रोप वाढ थांबवतं आणि पाणी ओसरेपर्यंत तग धरतं.

मार्करच्या, म्हणजे जनुकाजवळच्या ओळखू येणाऱ्या डीएनए-खुणेच्या, मदतीने तेवढाच तुकडा स्वर्णा या भातात आणला. बाकी स्वर्णा जशीच्या तशी राहिली, दाणाही तोच. २००९ मध्ये स्वर्णा-सब१ भारतात प्रसारित झाली. स्वर्णाच का निवडली? लोक ती आधीपासून आवडीने पेरत आणि खात होते म्हणून. २०१३ मध्ये ओडिशातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर येणाऱ्या सखल जमिनी तिथे जास्त करून दलितांच्या वाट्याला आलेल्या आहेत, त्यामुळे या वाणाचा लाभही त्यांना अधिक होतो, असं त्यात दिसलं. हे वाचलं तेव्हा आपण रोज पानं कुटून डीएनए काढतो ते कशासाठी, हे मला पहिल्यांदा नीट कळलं.

मालदांडीची भाकरी टिकवून तिच्यात खोडमाशीचा प्रतिकार आणायचा असेल, तर याहून सुरक्षित रस्ता मला माहीत नाही.

अंबाडी

मी सोलापुरात कडक भाकरीचा व्यवसाय करते. आम्ही नऊ बायका आहोत. शेती मला कळत नाही, पीठ कळतं.

पोत्यात हात घातला की अर्धं कळतं. बाकीचं परातीत. गरम पाणी घालून मळायला घेतलं की चांगलं पीठ दोन-तीन दाबांत एकजीव होतं आणि तळहाताला हलकंसं ओढ देतं. थापताना कड गोल सुटते, चिरत नाही. तव्यावर पाणी फिरवून उलटली की पापुद्रा असा सुटतो की बोटाने उचलावा. वाईट पिठाच्या गोळ्याला मधोमध भेग पडते. मग कितीही मळा, कडेला नक्षी निघतेच. कडक भाकरी तर पातळ थापावी लागते, तिथे असं पीठ उघडं पडतं.

पेशीसूत्र, तुम्ही म्हणता बाकी सगळं जसंच्या तसं राहतं. एका वाणाच्या बाबतीत मलाही असंच सांगितलं होतं. दोन क्विंटल घेतली. दाणा दिसायला मालदांडीचा भाऊ, भाकरी दुसऱ्या दिवशी चामड्यासारखी. ग्राहक गेले ते गेलेच. भाकरीचं असं एकच जनुक असतं का?

पेशीसूत्र

नाही ताई, एकच नसतं. वॅक्सी नावाचं जनुक माहीत आहे, ते बिघडलं की स्टार्चमधलं अमायलोज जवळजवळ नाहीसं होतं आणि पीठ चिकट होतं. पण भाकरीत दाण्याचा टणकपणा, प्रथिनं, दळण असं बरंच काही येतं. हे अनेक जनुकांचं काम आहे. ‘जसंच्या तसं’ म्हणताना मी भाकरी करून बघितली नव्हती, हेही मान्य.

रामप्रहर

भीमाकाठ दादा, तुमचा आदर ठेवून सांगतो, तुम्ही ज्या मालदांडीचं कौतुक करताय तिची उंच ताटं उपटायला यंदा आमच्याकडे माणूस मिळाला नाही. अकरा एकर ज्वारी. आई आणि मी पहाटे चारला दवात शेतात जायचो, कारण ऊन चढलं की पान हात कापतं. आईचे तळवे आजही सोललेले आहेत. पुढच्या वर्षी मी हरभरा पेरणार आहे, तो यंत्राने निघतो.

ज्वारीच्या बुटकेपणाची चार जनुकं टेक्सासमध्ये १९५४ पासून माहीत आहेत. त्यांच्याच जोरावर तिकडची ज्वारी कमरेएवढी झाली आणि यंत्राने निघू लागली. त्यातलं डीडब्ल्यू३ म्हणजे नक्की कोणतं जनुक, हे २००३ मध्ये कळलं. मग रब्बीसाठी यंत्राने निघणारी मालदांडी का नको? उंची हा महत्त्वाचा गुण नाही असं ज्याला वाटतं, त्याने एक दिवस माझ्या आईच्या जागी ज्वारी काढावी. मालदांडी जपायची म्हणता, पण पेरणाराच उरला नाही तर जपणार कोण?

भीमाकाठ

राम, तुझं म्हणणं मनाला लागलं. आईंना माझा नमस्कार सांग. आमच्याकडेही क्षेत्र निम्म्यावर आलंय, कारण हेच. तरी एक विचारतो. तुझ्याकडे जनावरं किती? माझ्या चार म्हशी उन्हाळा काढतात त्या कडब्यावर. ताट कमरेएवढं झालं तर कडबा किती उरेल, हे उंचीच्या रकान्याशेजारी लिहिलेलं असावं, एवढंच मागतोय.

पेशीसूत्र, तुमचं भाताचं उदाहरण पटलं. पण भातात एका जनुकाने केवढं तरी काम केलं. ज्वारीत तसं सरळ नाही. दाणा भरताना पाणी तुटलं तरी पान हिरवं ठेवणारा गुण बी३५ या वाणात आहे, त्याचं मूळ इथिओपियाच्या ज्वारीत. त्याचे चार मुख्य भाग गुणसूत्रांवर सापडले. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत ते आर१६ आणि एस३५ या दोन वाणांत घातले. मग दोन मीटर उंचीच्या पीव्हीसी नळ्यांत माती भरून त्यात रोपं वाढवली आणि नळ्यांचं वजन करत राहिले, म्हणजे रोप किती पाणी कधी पितं ते कळतं. निष्कर्ष २०११ मध्ये आला: तोच तुकडा एका वाणात एक परिणाम दाखवतो, दुसऱ्यात वेगळा. कुणाच्या घरी सून म्हणून जातो त्यावर त्याचं वागणं ठरतं म्हणा ना.

आणि धनशक्ती बाजरी आठवा. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आली, जास्त लोहाची. ती आयसीटीपी ८२०३ या जुन्या वाणातून निवडून काढली. लोहाचं जनुक शोधत बसावं लागलं नाही. लोह मोजायचं कुणीतरी ठरवलं आणि दाणे मोजले, म्हणून मिळाली. माझा मुद्दा तोच आहे.

पेशीसूत्र

धनशक्तीचं उदाहरण बिनतोड आहे, पण त्याला एक अडचण जोडतो. लोह मूठभर दाण्यांत मोजता येतं. भाकरीला निदान पाव किलो पीठ हवं. सुरुवातीच्या पिढीत एका रोपाचं एकच कणीस हातात असतं, त्यातलं बी पुढे पेरायचंही असतं. दोनशे वंशावळी, दोन हंगाम, प्रत्येकीच्या तीन-तीन भाकरी म्हटल्या तर बाराशे भाकऱ्या. यंत्राने पिठाचा चिकटपणा मोजता येतो, पण ताई म्हणतात तो ‘हाताला ओढ देणारा’ गुण त्या आकड्यात पूर्ण उतरत नाही. म्हणून तर मार्कर हवा. एकदा दोनशे वंशावळींवर मेहनत घेतली की पुढच्या पिढीत रोप वीतभर असतानाच निवडता येईल.

अंबाडी

बाराशे भाकऱ्या आमच्या नऊ जणींच्या एका दिवसाच्या कामाच्या आतच बसतात. मोठं काय त्यात? फक्त पिशवीवर वाणाचं नाव लिहू नका, नुसता आकडा टाका, नाहीतर मालदांडी वाचून हात आपोआप बरं बोलतो. आणि दळल्यापासून चार दिवसांत पीठ पोचलं पाहिजे. पीठ विरी गेलं की चांगल्या ज्वारीचीही भाकरी चिरते आणि दोष वाणाला लागतो. मजुरी मात्र द्यायची, प्रमाणपत्र नको.

रामप्रहर

ताई, त्या दोनशेंत बुटक्याही घ्यायला लावा. त्यातली एखादी तुमच्या परातीत टिकली, तर हरभऱ्याचं रान मी पुन्हा ज्वारीला देईन.