दर सोमवारी पोट दुखतं: नाटक की टेन्शन?

कैरीपन्हं:
लेक सातवीत आहे. जूनपासून दर सोमवारी सकाळी पोट दुखतं, मळमळतं, डबा भरताना बघितला तरी रडायला येतं त्याला. शनिवार-रविवार ठणठणीत. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले अँग्झायटी वाटतेय, काउन्सेलरला दाखवा. सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोराला कसलं आलंय टेन्शन. मी सरळ त्या दिवशी घरी ठेवते, ओढत नेण्यात काय अर्थ आहे? तुमचं मत?

गावठी_चहा:
सासूबाईंना अनुमोदन. आम्ही पाढे चुकले की कोंबडा व्हायचो, छड्या खायचो, कुणाला अँग्झायटी झाली नाही. मोबाईल काढून घ्या, आठ दिवसांत पोट बरं होतंय की नाही बघा.

उंबरठा:
@गावठी_चहा झाली नाही की कुणी विचारलं नाही? आमच्या वर्गातला एक जण गणिताचा तास आला की शाळेमागच्या चिंचेखाली जाऊन बसायचा, आठवीत शाळाच सुटली त्याची, आम्ही त्याला उनाड म्हणायचो. आणि पोट खरंच दुखतं हो! भीती वाटली की अ‍ॅड्रेनालिन वाढतं, आतड्यांचं काम बिघडतं, सोनोग्राफीत काय दिसणार ते. इंटरव्ह्यूच्या आधी तुम्ही तीनदा बाथरूमला गेला नव्हतात का? एनसीईआरटीच्या 2022 च्या पाहणीत 81 टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा नि निकालाचीच काळजी वाटते असं सांगितलंय.

गावठी_चहा:
81 टक्के म्हणजे नॉर्मलच झालं की मग! सगळ्यांनाच होतं त्याला आजार कशाला म्हणायचं? थोडी भीती नसेल तर पोरं पुस्तक उघडतील का?

खडू_डस्टर:
चौदा वर्षं शिकवतेय म्हणून लिहिते. थोडी भीती हवी, हे मान्य. पण परीक्षा संपली की उतरतं ते टेन्शन. महिनोन्महिने जात नाही, झोप, जेवण, मित्र सगळं सुटायला लागतं तेव्हा छडीने नाही भागत. निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या सर्व्हेत 13 ते 17 वयाच्या 7.3 टक्के मुलांमधे काही ना काही मानसिक आजार दिसला होता, म्हणजे साठच्या वर्गात चारेक.
पण कैरीपन्हं, घरी ठेवायला माझा सक्त विरोध. घरी राहिलं की लगेच बरं वाटतं ना, तिथेच घोळ होतो, शाळा टाळली की सुटका हे डोक्यात पक्कं बसतं आणि पुढचा सोमवार अजून जड जातो. आमच्याकडे एक मुलगी पहिले दोन तास लायब्ररीत बसायची, मग एक, दिवाळीपर्यंत वर्गात. काउन्सेलरकडे न्याच, पण आधी सोमवारचं टाइमटेबल बघा बरं.

उंबरठा:
घरी ठेवायचं नाही हे मला नाही पटत, त्याला धाप लागत असेल तरी ढकलायचं का?

खडू_डस्टर:
ढकलायचं कुठे म्हटलं? गेटपर्यंत जा, अर्धा दिवस बसवा, पण जाणं सोडू नका.

कैरीपन्हं:
बघितलं. सोमवारी पहिलाच तास पीटीचा. रात्री दिवा बंद केल्यावर म्हणाला, टीम पाडताना मी शेवटी उरतो, मग दोन्ही कॅप्टन म्हणतात तुम्हीच घ्या याला.

गावठी_चहा:
हे लगोरीत माझंही व्हायचं. पीटीच्या सरांना भेटा, कॅप्टन निवडणं बंद करा म्हणावं, नंबर पाडून टीम करा. मोबाईलबद्दलचं मत मात्र कायम आहे.