तारे, क्वासिक्रिस्टल आणि चवळीचे आठ दाणे: या संशोधनासाठी अंतराळस्थानकात माणूस हवा का?

माळरान (चर्चेचा विषय मांडताना; पुढील शीर्षके चर्चेतील सदस्यांची टोपणनावे आहेत)

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गगनयान कार्यक्रमाची तरतूद वाढवून २०,१९३ कोटी रुपये केली आणि तिच्यात भारतीय अंतराळस्थानकाच्या पहिल्या भागाचाही समावेश केला. संपूर्ण स्थानक २०३५ पर्यंत उभे करायचे आहे. ते कशासाठी, असे विचारले की पहिले उत्तर ‘विज्ञानासाठी’ असे येते. माझा आक्षेप स्थानकाला नाही, या उत्तराला आहे.

आपलीच तीन कामे पाहू. ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ ही वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजी कक्षेत गेली. तिच्यावरील अतिनील दुर्बिणीच्या नोंदींतून पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ९३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेतून आलेला तीव्र अतिनील प्रकाश हुडकून काढला. तो निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरे काम आता बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. जानेवारी २००७ मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही या प्रक्षेपकाने ५५० किलोची एक कुपी वर नेली, ती बारा दिवस पृथ्वीभोवती फिरली आणि २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. तिच्यात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहभागाने तयार केलेली एक भट्टी होती, आणि वितळलेला धातू वजनरहित अवस्थेत गोठताना क्वासिक्रिस्टल कसे घडतात, हे तिच्यात पाहायचे होते. (ज्या घन पदार्थात अणूंची मांडणी शिस्तीची असते, पण तीच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येत नाही, तो क्वासिक्रिस्टल. त्याच्या शोधासाठी डॅन शेश्टमन यांना २०११ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.) तिसरे काम चवळीचे. ३० डिसेंबर २०२४ च्या उड्डाणात उपग्रह सोडून झाल्यावर पीएसएलव्हीचा चौथा टप्पा, जो एरवी निव्वळ भंगार ठरला असता, तो ‘पोएम-४’ या नावाने प्रयोगमंच म्हणून वापरला गेला. त्यावरील बंद पेटीत चवळीच्या आठ दाण्यांना चार दिवसांत मोड आले आणि पुढे पानेही फुटली.

तारे झाले, अनोखे पदार्थ झाले, वनस्पती झाल्या, आणि तिन्ही ठिकाणी माणूस जमिनीवरच होता. मग विज्ञानाचे घोडे माणसावाचून नेमके कुठे अडले आहे, हे कोणी सांगेल का?

रोपवाटिका

माळरान, तुमची पहिली दोन उदाहरणे मी इतरांवर सोडते, कारण माझा विषय वनस्पतींचा आहे. चवळीला मोड आले ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यावरून वनस्पतीविज्ञानाला माणूस लागत नाही असे म्हणणे म्हणजे सुताने स्वर्ग गाठणे होय. बी रुजायला लागणारे अन्न बीच्या दलांतच साठवलेले असते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात, ते पेशीच्या तळाशी बसतात आणि त्यावरून मुळाला ‘खाली’ कुठे ते कळते. वजनरहित अवस्थेत हे कण तळाशी बसत नाहीत. तिथे मूळ प्रकाश, ओलावा आणि स्पर्श यांच्या आधाराने वाट काढते. त्याने कोणती जनुके चालू होतात आणि कोणती बंद पडतात, हे छायाचित्रावरून कळत नाही. त्यासाठी रोप योग्य वेळी खुडून, गोठवून, परत आणावे लागते. ‘पोएम-४’ एप्रिल २०२५ मध्ये वातावरणात शिरून नष्ट झाला आणि चवळीही त्याच्याबरोबर गेली. याउलट जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय स्थानकात धारवाडच्या संशोधकांची मेथी आणि मूग रुजवले, मोड शीतपेटीत ठेवले आणि ते नमुने पृथ्वीवर आले.

पाण्याचे तर विचारूच नका. वर पाणी निथळत नाही, मुळांना आणि पानांच्या बेचक्यांना ते गोळा होऊन चिकटून बसते. गरम हवाही आपोआप वर जात नाही, त्यामुळे पंखा कमी पडला की पान घुसमटते. २०१५ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय स्थानकातील झिनियाच्या रोपांवर याच कारणाने बुरशी आली. तेव्हा अंतराळवीर स्कॉट केली यांनी ठरलेल्या वेळापत्रकावर न चालता रोपांकडे पाहून पाणी देण्याची मुभा मागून घेतली, आणि जानेवारी २०१६ मध्ये झिनिया फुलली. १९८२ मध्ये साल्युत-७ या सोव्हिएत स्थानकावर अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील वनस्पतीने बीपासून बीपर्यंतचा प्रवास अंतराळात प्रथमच पूर्ण केला, तोही अंतराळवीरांच्या देखरेखीखाली.

हिशेबनीस

विज्ञानच करायचे असेल तर पैसा जमिनीवर घाला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरी ‘ऐकणारी’ अख्खी वेधशाळा गगनयानच्या तरतुदीच्या जेमतेम आठव्या हिश्शात होते. मेथीला मोड आणायला एवढा खटाटोप कशाला? ते तर आमच्याकडे ओल्या फडक्यातही येतात.

वितळबिंदू

हिशेबनीस, फडक्याचा विनोद आवडला, पण हिशेब पटला नाही. लायगो-इंडिया अणुऊर्जा आणि विज्ञान-तंत्रज्ञान या विभागांचा प्रकल्प आहे, गगनयान अंतराळ विभागाचा. एका खात्यात वाचलेला रुपया दुसऱ्या खात्यात आपोआप जमा होत नाही, हे सरकारी संस्थेत काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते.

पदार्थविज्ञानापुरते मात्र मी माळरान यांच्या बाजूने आहे, किंबहुना त्यांच्याही पुढे जाऊन म्हणतो की माणूस तिथे अडचणच करतो. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण नाहीसे झालेले नसते, ते जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असते. स्थानक अखंड ‘पडत’ असते म्हणून आतल्या वस्तूंना वजन जाणवत नाही. या अवस्थेचा आम्हाला उपयोग असा की वितळलेल्या मिश्रधातूत जड घटक तळाशी बसत नाही आणि उष्णतेमुळे रसात प्रवाह उठत नाहीत, त्यामुळे स्फटिक वाढताना केवळ विसरणाचा (कण आपोआप पसरण्याचा) परिणाम पाहता येतो. आता याच वेळी शेजारच्या कक्षात कोणी व्यायामाच्या पट्ट्यावर धावत असेल, तर ती थरथर सांगाड्यातून भट्टीपर्यंत पोहोचते. म्हणून नाजूक प्रयोग अंतराळवीर झोपलेले असताना करण्याकडे कल असतो.

परंतु माळरान, २००७ च्या कुपीचा दाखला तुमच्याच अंगावर उलटतो. तो प्रयोग यशस्वी होऊनही पुढची अठरा वर्षे आपली एकही कुपी कक्षेतून नमुने घेऊन परतली नाही. २०१४ ची ‘केअर’ कुपी कक्षेत गेलीच नव्हती. एका भट्टीतून एकदा निघालेला नमुना हा निष्कर्ष नसतो. तो तसाच पुन्हा निघतो की नाही, हे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेशिवाय सांगता येत नाही. मद्रास आयआयटीच्या पतन-मनोऱ्यात, म्हणजे उंचावरून प्रयोग खाली सोडण्याच्या मनोऱ्यात, वजनरहित अवस्था मिळते, पण ती अडीच सेकंदांची. ज्योतीच्या अभ्यासाला ती पुरते, संथपणे वाढणाऱ्या स्फटिकाला नाही.

अतिनील

माळरान यांच्या ताऱ्यांच्या उदाहरणाला कोणीच उत्तर दिले नाही म्हणून लिहितो. आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या बाहेर बसवलेली ‘नायसर’ ही क्ष-किरण दुर्बीण २०१७ मध्ये न्यूट्रॉन तारे पाहू लागली आणि २०१९ मध्ये तिच्या नोंदींवरून अशा एका ताऱ्याची त्रिज्या सुमारे तेरा किलोमीटर असल्याचे काढता आले. मे २०२३ मध्ये तिच्या आवरणाला छिद्रे पडली आणि सूर्यप्रकाश आत शिरू लागला. जानेवारी २०२५ मध्ये अंतराळवीर निक हेग यांनी बाहेर जाऊन तिला ठिगळे लावली. उलट आपल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’च्या अतिनील दुर्बिणीची एक वाहिनी (ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टिपणारा भाग) २०१८ मध्ये बंद पडली, ती कायमचीच, कारण वर जाऊन पाहणार कोण?

माळरान

अतिनील, ठिगळाचे उदाहरण चोख आहे, पण तेवढ्यावर स्थानक उभारणे परवडणारे नाही. पाच वर्षांसाठी बांधलेली ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ एक वाहिनी गमावूनही दहा वर्षे टिकली. वर सांगितलेला अतिनील प्रकाशाचा शोधही शाबूत राहिलेल्या वाहिनीतूनच लागला. शिवाय स्थानकाच्या मागेपुढे सौरपट्ट्या आडव्या येतात आणि दर दीड तासाला पृथ्वी आड येते. म्हणूनच जेम्स वेब ही अंतराळ दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर दूर नेली, जिथे ठिगळ लावायला कोणी जाऊ शकत नाही, आणि ते माहीत असूनच नेली.

वितळबिंदू यांचा आक्षेप मात्र मी मान्य करतो, आणि तोच माझा प्रस्तावही आहे. दरवर्षी एक परतणारी कुपी पाठवावी, तिच्यात भट्टी असावी, शीतपेटी असावी, रोपांचा कप्पा असावा. रोपवाटिका यांना नमुने परत हवे आहेत, अंतराळवीर नव्हे.

रोपवाटिका

मला दोन्ही हवे आहेत, आणि त्याचे कारण भावनिक नाही. दहा-बारा दिवसांच्या कुपीत मूग फुलोऱ्यालाही येत नाही. बियांची एक पिढी हातात यायला दोन महिने लागतात आणि तिसऱ्या पिढीपर्यंत जायचे तर अर्धे वर्ष. एवढा काळ वाफा बिनमाणसाचा ठेवला तर एका अडलेल्या नळीपायी सगळा प्रयोग बुडतो. तुमची कुपी सहा महिने कक्षेत राहणार असेल, आणि तिच्यातले पाणी व हवा खालून रोज बदलता येणार असेल, तर तिचा आराखडा इथे मांडा. माझ्या कप्प्याला किती वीज आणि किती पाणी लागेल, ते मी लिहून देते.