मदत हवी आहे: दुधाशिवायचं चॉकलेट हातात वितळतंय, रविवारी वाढदिवस आहे

मोगरा७
तीनदा केलं, तीनदा फसलं. व्हीगन चॉकलेट करायचं आहे, दूध, लोणी, मिल्क पावडर काही नको. आत बदाम, काजू, भोपळ्याच्या बिया, तीळ. फ्रिजमधून काढलं की पाच मिनिटांत हाताला लागतं, दहा मिनिटांत ताटलीत चिखल. शिवाय गूळ सगळा तळाशी बसतो. वरचं कडू, खालचं गोड, दाताखाली कचकच. रविवारी संध्याकाळी मुलाचा वाढदिवस, आज गुरुवार. व्हिडिओ देऊ नका, सगळे पाहून झालेत. काय चुकतंय तेवढं सांगा.

खलबत्ता
चॉकलेट कोणतं? लादी आणून वितळवताय की कोको पावडरपासून करताय? लादी असेल तर कंपाउंड (कोको बटरऐवजी दुसऱ्या वनस्पती तेलाचं) की खरं? आणि गूळ कशाला?

मोगरा७
डार्क आहे. साधं डार्क.

खलबत्ता
त्यावरून काही कळत नाही हो. पाकिटाच्या मागचे घटक वाचा. कोको बटर लिहिलंय की हायड्रोजनेटेड वनस्पती तेल? दोन्हींची तऱ्हा वेगळी, उपायही वेगळे.

आजोळ
चॉकलेटच्या मागे लागूच नका. अर्धा किलो खजूर बिया काढून मिक्सरला फिरवा, बदाम जाडसर कुटून घाला, तीळ आणि खसखस भाजून घाला, दोन चमचे कोको पावडर घाला आणि लाडू वळा. गूळ नाही, साखर नाही, वितळायची भीती नाही. माझ्या तिन्ही नातवंडांना हेच आवडतं.

गारवेल
टेम्परिंग केलेलं नाही, म्हणून असं होतंय. डार्क ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, ढवळत २७-२८ वर आणायचं, परत ३१-३२ पर्यंत गरम करायचं. कोको बटर सहा प्रकारे गोठतं आणि आपल्याला त्यातला पाचवा प्रकार हवा असतो. तो जमला की चकाकी येते, तुकडा टकदिशी मोडतो आणि हाताला लगेच चिकटत नाही. थर्मामीटर आणा, त्याशिवाय हात घालू नका.

मोगरा७
थर्मामीटर नाही. लादी पण नाही. कोको पावडर, खोबरेल तेल आणि गुळाची पावडर गरम करून एकत्र करते. डार्क म्हणजे त्यात दूध नाही या अर्थाने म्हटलं. नागपूरला आहे, बाहेर ४३ आहे. आता सांगा.

खलबत्ता
हे आधी सांगितलं असतं तर पहिल्याच प्रतिसादात उत्तर मिळालं असतं. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते ना, तेच हे तेल. नागपूरच्या एप्रिलात ते घट्ट राहणारच नाही, कितीही वेळ फ्रिजमध्ये ठेवा. यात टेम्परिंगचा काही संबंध नाही, कारण कोको बटरच नाही. कोको पावडरमधून ते बहुतेक काढून घेतलेलं असतं.

गुळाचं म्हणाल तर तो पाण्यात विरघळतो, तेलात नाही. साखरही तेलात विरघळत नाही, पण पिठीसाखर इतकी बारीक असते की जिभेला लागत नाही. गुळाची पावडर जाड आणि दमट, त्यामुळे तळाशी बसते. कोको आणि पिठीसाखर कोरड्या भांड्यात एकत्र फिरवून घ्या, तेवढ्याने कचकच जाईल. वितळणं मात्र तेल बदलल्याशिवाय थांबणार नाही.

गारवेल
म्हणजे मीच बरोबर होतो. कोको बटर आणा आणि टेम्परिंग करा.

उंबरठा
कोको बटर व्हीगन कसं असेल? नावातच बटर आहे.

खलबत्ता
कोकोच्या बियांमधली चरबी आहे ती. दुधाशी काही नातं नाही. पीनट बटरमध्ये तरी लोणी कुठे असतं.

कातळकडा
कोको बटर महाग आहे आणि परवापर्यंत नागपुरात मिळेलच असं नाही. आमच्याकडे सिंधुदुर्गात कोकमाच्या बियांचं तेल निघतं, मुठेल म्हणतो आम्ही. बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात, वर आलेलं तेल काढून थंड झालं की मुठीने त्याचे गोळे वळतात. दगडासारखं घट्ट आणि पांढुरकं, ऐन मे महिन्यात फळीवर तसंच राहतं. ३८-४० अंशांपर्यंत वितळत नाही. खोबरेल तेलाच्या निम्मं मुठेल घालून बघा.

गारवेल
ते भेगाळलेल्या टाचांना लावतात. मुलांच्या खाऊत घालायचं?

कातळकडा
टाचांना लावतात आणि खातातही. माझी आजी गरम भातावर घालायची. युरोपात २००० साली चॉकलेटचा जो नियम झाला त्यात कोको बटरखेरीज सहा वनस्पतींच्या चरब्या ५ टक्क्यांपर्यंत चालतात. त्यातली एक कोकमाची आहे आणि एक आंब्याच्या कोयीची. आपल्या परसातल्या वस्तूला कमी लेखू नये, एवढंच म्हणणं आहे.

गारवेल
५ टक्के आणि निम्मं यात फरक आहे. जास्त झालं की तोंडात मेणासारखा थर बसतो, मी खाऊन बघितलंय. आणि दुकानात त्वचेसाठी म्हणून विकतात ते शुद्ध केलेलं खाण्याचं असेल याची खात्री काय?

कातळकडा
हे मान्य. खाण्याचं म्हणून लिहिलेलंच घ्यावं. मेणासारखं लागतं हेही खरं, पण निम्म्याहून कमी घातलं तर मला तरी जाणवत नाही.

पाटावरवंटा
बियांबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. कच्च्या बिया चॉकलेटमध्ये घातल्या की गवतासारख्या लागतात. भोपळ्याच्या बिया कोरड्या कढईत मंद आचेवर, त्या फुगून टपटप आवाज करायला लागेपर्यंत. तीळ वेगळे, ते लवकर जळतात. जवस घालणार असाल तर भाजून लगेच वापरा, कुटून ठेवलं की लवकर खवट होतं. आमच्या जळगावकडे कारळे असतातच घरात, ते मात्र चॉकलेटमध्ये घालू नका, त्यांचा वास सगळ्यांवर चढतो. आणि सगळं पूर्ण गार झाल्यावरच मिसळायचं. हाताला कोमट लागलं तरी थांबा.

उंबरठा
चिया म्हणजे सब्जाच ना?

पाटावरवंटा
नाही. सब्जा तुळशीच्या जातीचा, पाण्यात टाकला की पाचेक मिनिटांत फुगतो. चिया वेगळं झाड.

मोगरा७
बदाम-काजू मी तुपावर परतून घेतलेत कालच, डबा भरून ठेवलाय. ते चालतील ना? लादी आणायची असेल तर कोणती आणू? उद्या सकाळी बाजारात जातेय.

आजोळ
तुपावर परतलेले म्हणजे उत्तमच. लाडवात घाला.

खलबत्ता
थांबा. व्हीगन हवंय म्हणालात आणि बदाम तुपात? व्हीगन नेमकं कोणासाठी आहे?

मोगरा७
आमच्याकडे कोणी व्हीगन नाही. मुलाच्या वर्गातला मित्र आहे, त्याला दूध चालत नाही. मागच्या वर्षी एका वाढदिवसाला केक खाऊन त्याला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तेव्हापासून तो प्रत्येक वाढदिवसाला स्वतःचा डबा घेऊन येतो आणि कोपऱ्यात बसून खातो. यंदा माझ्या मुलाने ठरवलंय की त्या दिवशी जे असेल ते सगळ्यांनी एकच खायचं. तूप तर कढवलेलं असतं, त्यात दूध कुठे राहतं?

निवडुंग
इतका वेळ फक्त वाचत होते, आता लिहावंच लागतंय. माझ्या मुलीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, नऊ वर्षं आम्ही हे करतोय. मोगरा, ते बदाम-काजू बाजूला ठेवा. तूप कढवलं तरी दुधातल्या प्रथिनांचे अंश राहतात, बेरी खरवडून काढली तरीही. दूध पचत नाही आणि दुधाची अ‍ॅलर्जी आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न पचणाऱ्याचं पोट बिघडतं. अ‍ॅलर्जी असलेल्याचा श्वास अडकू शकतो, आणि तेही कणभराने.

आता लादी. हिरवा ठिपका बघून आणू नका, दूध शाकाहारीच असतं, त्यालाही हिरवाच ठिपका. एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचं, व्हीगन चिन्ह वेगळं आहे, हिरवा व्ही आणि त्याला पान. पण तेही पुरेसं नाही. घटकांत मिल्क सॉलिड्स, मिल्क फॅट, बटर ऑइल, व्हे, केसिन, लॅक्टोज यातलं काही असेल तर परत ठेवा. डार्क म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी लाद्यांत, विशेषतः कंपाउंडमध्ये, मिल्क सॉलिड्स असतात. शेवटी बारीक अक्षरात दुधाचे अंश असू शकतात असं लिहिलेलं असतं, कारण एकाच यंत्रावर मिल्क चॉकलेटही बनतं. आम्ही तसं पाकीट घेत नाही.

आणि सगळ्यांत आधी त्या मुलाच्या आईला फोन करा. दूध सोडून आणखी काय चालत नाही ते विचारा. तुमच्या यादीत काजू आहेत, तीळ आहेत. दोन्हींची अ‍ॅलर्जी असणारी मुलं असतात.

आजोळ
मला हे माहीत नव्हतं. तुपाचं मी उगाच बोलले, ते ऐकू नका.

उंबरठा
मध व्हीगन असतो का?

निवडुंग
नसतो. पण इथे प्रश्न व्हीगनचा नाहीच, दुधाचा आहे.

मोगरा७
केला फोन. बरं झालं केला. त्याला काजूही चालत नाहीत, आणि पिस्तेही नकोत म्हणाल्या, दोन्ही एकाच कुळातले. बदाम, शेंगदाणे, तीळ, बिया चालतात. सोया चालतो. मी त्याच्यासाठी काय करतेय हे ऐकून त्या फोनवर काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, पाकिटं टाकू नका, मला दाखवा.

आता मला कोणीतरी नीट क्रमाने सांगा. लादी आणते, थर्मामीटर नाही, ओट्याशेजारी कूलर आहे, एसी फक्त बेडरूममध्ये.

निवडुंग
आधी भांडी. मिक्सरचं भांडं, झारा, साचे, सगळं गरम पाण्याने आणि साबणाने. लाकडी कलथा वापरू नका, भेगांत जुनं तूप-दूध धरून राहतं. बदाम नवीन पाकिटातले घ्या आणि कोरडेच भाजा. त्याच कढईत दूध आटवत असाल तर दुसरी घ्या. काजू त्या दिवशी ओट्यावर नकोतच.

गारवेल
थर्मामीटरशिवायही जमतं, मघाशी मी जरा ताणून बोललो. ३०० ग्रॅम लादी बारीक चिरा. २०० ग्रॅम गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून वितळवा, खालचं पाणी वरच्या भांड्याच्या बुडाला लागू देऊ नका. खाली उतरवा, तळ पुसा, वाफेचा थेंबही आत जाता कामा नये. थेंबभर पाण्याने सगळं चॉकलेट आळून रवाळ होतं. मग उरलेलं १०० ग्रॅम थोडंथोडं घालत ढवळत राहा. थेंबभर ओठाखाली लावून बघा, किंचित गार लागलं की झालं. सुरीच्या टोकावर थोडं घेऊन एसीत ठेवा. पाचेक मिनिटांत चकाकीसकट सुकलं तर बिया घाला, नाहीतर अजून ढवळा.

खलबत्ता
यात दोन गोष्टी जोडतो. सगळं बेडरूममध्ये करा. कूलर हवेत पाणी सोडतो, चॉकलेटवर दमट हवा बसली की साखर वर येऊन पांढरे खरखरीत डाग पडतात. आणि कंपाउंड नि खरं चॉकलेट एकत्र करू नका. दोन्हींच्या चरब्या एकमेकींना गोठू देत नाहीत, मऊच राहतं. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे एसी नसलेल्या खोलीत तेही टिकणार नाही. डबा घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि केक कापायच्या वेळीच काढा.

पाटावरवंटा
३०० ग्रॅमला २०० ग्रॅमपर्यंत दाणे आणि बिया आरामात मावतात. साच्याऐवजी चमच्याने बटर पेपरवर छोटे ढीग घाला, मुलांना सोपं जातं. वर थोडे तीळ आणि चिमूटभर जाडं मीठ.

कातळकडा
बटर पेपरमध्ये बटर नसतं हे उंबरठाला आधीच सांगून ठेवतो.

उंबरठा
तेवढं माहीत आहे मला.

मोगरा७
शनिवार, रात्रीचे अकरा. चार दुकानं फिरले. तीन ठिकाणच्या डार्क लाद्यांत मिल्क सॉलिड्स निघाले. चौथीत फक्त कोको मास, साखर, कोको बटर आणि सोया लेसिथिन, खाली दुधाची ओळ नाही, वर पानाचा व्ही. पहिला घाणा बिघडला, बदाम अजून कोमट होते, सुकल्यावर राखाडी रेघा आल्या. तो परत वितळवून केला. दुसरा नीट झाला. मुलाने एक तुकडा मोडला तर टक् आवाज आला आणि त्याने तो मला परत ऐकवला. एकूण ४२ झाले. पाकिटं आणि बदामाची पिशवी, सगळं एका डब्यात ठेवलंय, उद्या त्याच्या आई आल्या की आधी ते दाखवीन. तुपातले बदाम-काजू शेजारी देऊन टाकले.

निवडुंग
त्याच्या आईला विचारून त्याचं औषध कुठल्या पिशवीत आहे ते बघून ठेवा. लागणार नाही, पण माहीत असू द्या.

मोगरा७
हो, विचारते.

आजोळ
मोगरा, तूप न घालता केलेल्या खजुराच्या लाडवांचं प्रमाण हवं असेल तर सांगा. त्या मुलाला घरी नेण्यासाठी देता येतील.

मोगरा७
द्या आजी. काजूशिवायचं द्या.